झेंड्यानंतरची सभा

खांब गंजला होता, पण सरळ होता. मला तेवढंच बघायचं होतं. आमच्या सोसायटीचा झेंड्याचा खांब एका टेम्पोवाल्यानं गाडी मागे घेताना वाकवून ठेवला आणि सव्वीस जानेवारी तोंडावर आली. वेल्डर रोज नवी तारीख देत होता, खांब देत नव्हता. मग मला आठवलं, माहेरच्या गावात जुन्या शाळेच्या पटांगणात पंचायतीच्या काळातला लोखंडी खांब अजून उभा आहे आणि त्याचं आता कुणी काही करत नाही. म्हणून रविवारी सकाळी मोजायची टेप पर्समध्ये टाकली आणि स्कूटर काढली.

गाव म्हणजे सीवूड्सच्या पाठीमागे, करावेच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीतून गावातल्या इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तरी मी तिथे क्वचित जाते. गेले तर कामाला जाते आणि काम झालं की निघते.

पटांगणाचं पार्किंग झालंय. खांबाच्या चौथऱ्याला टेकून मोटारसायकली लावलेल्या, खांबाला कुणाच्या तरी कपड्यांची दोरी. मी खांब हलवून बघितला. हलला नाही. हाताला गंज लागला, आणि तो पुसण्याआधी वास आला. ओल्या लोखंडाचा, मिठाचा, खाली कुठेतरी सुक्या बोंबलाचा. मी आठवणींत रमणारी बाई नाही. जासईच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलर आत-बाहेर सोडायचं काम बघते. तिथे रमलं तर गेटवर रांग लागते आणि ड्रायव्हर आई-बहीण काढतात. पण त्या वासानं मला थांबवलं खरं.

जानेवारीतल्या झेंड्याला मिठाची रांगोळी असायची. आमच्याकडे मीठ मुबलक. मिठागरावरून आणलेलं जाडं मीठ घराच्या कोपऱ्यात गोणीत पडलेलंच असे. आदल्या दिवशी आम्ही मुली ते उखळात कुटायचो. केशरी करायला त्यात हळद आणि कुंकू, हिरव्याला गेल्या होळीचा उरलेला रंग, आणि चक्राला कपड्यांची नीळ. पांढऱ्याला काहीच नको, तो आधीच तयार. बोटांना चिरा असायच्या, त्यात मीठ जाऊन झोंबायचं, आणि जिची बोटं जास्त झोंबत ती जास्त मिरवायची. सकाळच्या उन्हात ती रांगोळी चमकायची. डोळे बारीक करून बघावं लागे.

ऑगस्टच्या झेंड्याला मात्र मिठाचं पाणी व्हायचं. तेव्हा रांगोळी नाही. बांधावरून तेरड्याची फुलं आणायची, ती झेंड्याच्या घडीत ठेवायची. पाऊस नसला तरी सगळं ओलं. ताडपत्री ओली, भिंती ओल्या, आमचे गणवेश चुलीवर धरून वाळवलेले, त्यामुळे सगळ्या वर्गाला धुराचा वास. बायकांच्या लुगड्यांना घरात टांगलेल्या सुक्या मासळीचा वास. दोरी ओढली की फुलं खाली पडायची, बहुतेक गुरुजींच्या टोपीवर.

आणि मग कुणी घरी जायचं नाही.

जन-गण-मन झालं की ताडपत्री पसरायची. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, टेबलामागे खुर्चीवर बसायचे. बाजूला सरपंच. बाकी सगळं गाव खाली. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला, आम्ही पोरं मध्ये, कारण बुंदीचं पातेलं मध्ये असायचं. त्यावर झाकण आणि झाकणावर दगड. बुंदी सभा संपल्यावर. त्यामुळे आम्ही सगळे प्रश्न ऐकलेत.

ज्याला विचारायचं असेल त्यानं उठायचं, चपला ताडपत्रीशी काढायच्या आणि चौथऱ्याला हात लावून उभं राहायचं. असा काही नियम लिहिलेला नव्हता. सगळे तसं करायचे म्हणून सगळे तसं करायचे. वर झेंडा, खाली माणूस, समोर भाऊसाहेब रुमालानं मान पुसत. विहिरीला खारं पाणी का लागलं. शाळेची कौलं दोन पावसाळे मागतोय, ती कुठे अडली. जमिनीच्या नोटिसा आल्या, त्यात काय लिहिलंय ते आम्हाला समजेल असं कोण सांगणार. माझा बापूस एरवी घरात चार शब्द बोलायचा नाही. चौथऱ्याला हात लागला की त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा.

आणि काकी. माझ्या चुलत्याची बायको, तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. खाडीच्या चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडणारी, हातावर कायम नांगीचे ओरखडे. डोक्यावरचा पदर दातात धरून ती उभी राहायची आणि प्रश्न विचारायच्या वेळी पदर सोडून द्यायची.

एका वर्षी देशावरून बदली होऊन नवे गुरुजी आले होते. चांगले होते, मन लावून शिकवायचे. त्यांना हे सगळं बघून फार लागलं. राष्ट्रगीत आत्ताच झालंय आणि तिथेच बायका गटाराबद्दल बोलतायत! ते उठून म्हणाले, "अहो, आजचा दिवस पवित्र आहे. झेंड्यासमोर तक्रारी नकोत. उद्या भाऊसाहेबांच्या कचेरीत जा."

काकी चौथऱ्याशी होती. ती म्हणाली, "कचेरीत गेलो तं भाऊसाहेब एकटा नि मी एकटी. हितं सगली हायेत."

"पण ताई, झेंड्याचा मान..."

"झेंडा परका हाय काय, त्याच्यासमोर लाजायला?" काकी म्हणाली. "मान देला ना आताच. उभी होते ना गप. आता बोलू द्या."

बायका हसल्या. गुरुजीही शेवटी हसले, आणि पुढच्या वर्षी ताडपत्रीची दोन टोकं धरायला तेच होते.

मला लहानपणी हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत असं वाटतच नव्हतं. दोरी ओढायची, झेंडा उघडायचा, गायचं, मग विचारायचं, मग बुंदी. एक सकाळ. पाचवीला गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत घातलं तेव्हा पहिल्या झेंड्याला मी कडक इस्त्रीत गेले. झेंडा झाला, भाषण झालं, हातात लिमलेटची गोळी पडली, पोरं पांगली. मी मैदानात उभीच.

बाई म्हणाल्या, "काय गं, घरी नाही जायचं?"

"सभा?"

"कसली सभा?"

मागच्या मुली हसल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मला 'ए सभा' म्हणायच्या. मी नंतर कधी थांबले नाही. गोळी घेतली की पहिली फाटकाबाहेर.

मग महापालिका आली, पंचायत गेली. ताडपत्री कुणाच्या तरी गोठ्यावर गेली असणार. झेंडा राहिला, आता तर गल्लोगल्ली असतो, पूर्वीपेक्षा मोठा. सभा कुणी बंद केली असं मला आठवत नाही. एका वर्षी कुणी खाली बसलं नाही, एवढंच.

माझं लग्न झालं, फ्लॅट झाला, आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले. काम चोख करते. लिफ्ट बंद पडली तर माणूस संध्याकाळच्या आत आणते. ग्रुपवर कुणी राजकारणाचं काही टाकलं की 'नो पॉलिटिक्स प्लीज' लिहून हात जोडलेली खूण टाकते, आणि सगळे अंगठे दाखवतात.

गेल्या उन्हाळ्यात गावाच्या बांधाला निळे पत्रे लागले. त्यावर रंगीत फलक. चालायचा ट्रॅक होणार, दिवे लागणार, पांढऱ्या बुटातली माणसं पळतायत असं चित्र. पत्र्यांच्या मागे खाडीकडे उतरणारी वाट होती. काकी आणि तिच्याबरोबरच्या बायका त्याच वाटेनं ओहोटीला चिखलात उतरायच्या. वाट म्हणजे काय, नुसती पायांनी पडलेली. कागदावर ती कुठेच नसणार. आता त्यांना मोठ्या रस्त्याला वळसा घालून पलीकडच्या धक्क्यावरून जावं लागतं. काकीचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. पोहोचेपर्यंत पाणी चढायला लागतं.

जुलैमध्ये कमिटीची मीटिंग होती. आमच्या गेटसमोरचं गटार उघडं आहे, पावसात पाणी बेसमेंटमध्ये येतं, गाड्या खराब होतात. अध्यक्ष सबनीस काका, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, "पंधरा ऑगस्टला साहेबांना पाहुणे म्हणून बोलवू. आले की गटार आपोआप दिसेल. वेगळं सांगायला नको." साहेब म्हणजे ज्यांच्या सहीनं गटारं झाकली जातात आणि बांधाला पत्रे लागतात ते अधिकारी. "आणि झेंडा गावातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंच्या हस्ते. भूमिपुत्रांचा सन्मान. तुमच्याकडे कुणी आहे?"

"माझी काकी आहे."

"फार बोलत नाहीत ना?"

सगळे हसले. मीही हसले.

काकीकडे गेले तेव्हा ती ओट्यावर बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीनं बांधत होती.

"कोन साहेब येनार?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तो पत्र्यावाला?"

"त्याच ऑफिसचे."

"आन झेंडा मी लावनार?"

"हो."

तिचे हात थांबले. चिंबोरी अर्धी बांधलेली, एक नांगी हवेत. "मंग बरा झाला गो. झेंडा झाला का इचारीन त्याला."

मला तेव्हाच कळलं की ती काय समजली आहे. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं, कारण मीही मैदानात एकटी उभी राहिले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकी, आमच्यात तसं नसतं. मी म्हटलं, "लुगडं कुठलं नेसशील? हिरवं नेस, फोटोत चांगलं दिसतं."

पंधरा ऑगस्टला पाऊस नव्हता. खुर्च्यांना पांढरी कापडं, पोरांच्या गालांवर तिरंगा, बायकांच्या ओढण्या तीन रंगांत. काकी हिरव्या लुगड्यात, अंबाड्यात सोनचाफा, पायात मी आणून दिलेल्या नव्या चपला. तिनं एकाच हिसक्यात झेंडा उघडला. टाळ्या. राष्ट्रगीताला ती अशी उभी होती की तिच्या कडेची पोरंसुद्धा चुळबुळायची थांबली.

संपलं. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, एक हात खांबाला लावला आणि लोकांकडे तोंड करून म्हणाली, "बसा."

बसायला काय होतं? पुढच्या खुर्च्या सोडल्या तर सगळे उभेच. लोक कौतुकानं हसले. एक मुलगी मोबाईल धरून म्हणाली, "आजी कसल्या क्यूट आहेत!"

"बसा ना. साहेबांना इचारायचा हाय." आणि तिचा तो आवाज, जरा चिरलेला, पण तोच. "साहेब, खाडीची वाट..."

सबनीस काकांनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. स्पीकर माझ्या फोनला जोडलेला होता. गाणं तयार ठेवलेलं होतं. मी बोट लावलं.

आमचा स्पीकर चांगला आहे, मीच घासाघीस करून घेतलाय. छाती थरथरेल असं देशभक्तीचं गाणं पार्किंगभर वाजलं. काकीचे ओठ हलत राहिले. तिनं प्रश्न अर्धवट सोडला नाही, शेवटपर्यंत विचारला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. साहेब हात जोडून पुढे आले. त्यांना वाटलं असणार, म्हातारी आशीर्वाद देतेय. ते वाकले आणि तिच्या पायाला हात लावला. सगळ्यांचे मोबाईल वर गेले. काकीनं क्षणभर खाली त्यांच्या भांगाकडे बघितलं आणि मग हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही असं तिला कुणी शिकवलेलं नाही.

शाल झाली, नारळ झाला. मी माईक घेऊन सांगितलं, "नाश्ता क्लबहाऊसमध्ये आहे, लाईन करून घ्या."

तिला स्कूटरवरून सोडायला गेले. मागे बसलेली, मांडीत नारळ. सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "पोरी, तुमच्यात सभा कवा असते?"

मी आरशात तिचा चेहरा बघितला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"असते. वर्षातून एकदा. पार्किंगचं, मेंटेनन्सचं, असं."

"त्याला साहेब येतो?"

"नाही."

"मंग तुमी इचारता कोनाला?"

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. सिग्नल सुटला होता.

गटार दिवाळीच्या आधी झाकलं गेलं. परतीचा पाऊस जोरात झाला आणि बेसमेंट कोरडं राहिलं. ग्रुपवर माझ्या नावानं गुलाबाची फुलं आली. क्लबहाऊसमध्ये त्या दिवसाचा फोटो फ्रेम करून लावलाय. साहेब वाकलेत, काकीचा हात त्यांच्या डोक्यावर, वर झेंडा. काकीचं तोंड उघडं आहे. येणारे-जाणारे म्हणतात, बघा, या वयात किती मनापासून गातायत. मी तिथे पाणीपट्टीच्या पावत्यांवर सह्या करते. आता खुर्ची फिरवून ठेवली आहे, पाठ फोटोकडे येईल अशी. त्यानं फरक पडेल असं वाटलं होतं.

तर, खांब. उंची बरोबर होती, जाडीही. पण काढायचा तर चौथरा फोडावा लागणार होता. मी टेप गुंडाळली. परत जायला स्कूटर वळवली आणि वळवता वळवता काकीच्या घराशी नेली.

ती स्वयंपाकघरात कोळंबी निवडत होती. बर्फातली, बाजारातून आणलेली.

"खाडीवर नाही गेलीस?"

"नाय जात आता. वलसा घालून गुरघा फुगतो. हीच इकत घेते, हीच इकते."

मी पाटावर बसले. म्हटलं, "काकी, सव्वीस तारखेला साहेब परत येतायत. मी या वेळी झेंड्यानंतर सगळ्यांना खाली बसवणार आहे. स्पीकर आणणारच नाही. तू ये."

"सबनीस हो बोलला?"

"त्यांना अजून सांगितलं नाहीये."

ती हसली. समोरचा एक दात नाहीये आता. मग म्हणाली, "मी नाय येनार."

"अगं, पण..."

"मी एकदा इचारला. माझा काम झाला. त्याला ऐकू नाय आला, ता त्याचा दोष नाय." कोळंबीचं डोकं मोडून तिनं बाजूला टाकलं. नजर ताटलीतच.

मी म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"फोन तुझ्या हातात होता गो." तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं बर्फ वितळतोय असं सांगावं. "घरी परत सोराला तूच येनार होतीस. मंग तुला काय बोलू?"

मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी कोळंबी निवडायला घेतली. तिनं ताटली ओढून घेतली. "ऱ्हाव दे. तुला नाय जमत. तू इचार साहेबाला. प्रश्न ठाऊक हाय ना तुला?"

"मी?"

"मंग कोन, फोन इचारल? उभी ऱ्हा. बोलून दाखव."

मी त्या स्वयंपाकघरात उभी राहिले. ट्रेलरच्या ड्रायव्हरांना गेटवरून मागे हटवणारी बाई मी. म्हटलं, "सर, आम्हा सर्वांच्या वतीनं आपल्याला एक नम्र विनंती आहे की..."

"इनंती नको. आपून उसना मागतो काय त्याच्याकरं?"

"सर, खाडीकडे जाणारी जी पारंपरिक वाट आहे, त्या संदर्भात..."

"ता काय? सरल बोल. कोनी बंद केली, कोनाला इचारून केली, आन आमी जायाचा कुठून."

मी बोलले. पहिला भाग बरा गेला. 'कुणाला विचारून' म्हणताना सबनीस काकांचा चेहरा दिसला, साहेबांकडे अजून अडकलेली आमच्या इमारतीची दोन कामं आठवली, आणि आवाज आपोआप खाली गेला. इतका खाली, की डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजात विरला. मला माझीच लाज वाटली.

काकी हात धुऊन उठली. गुडघा धरत, भिंतीला हात लावत मागच्या दाराकडे गेली, उंबरा ओलांडून अंगणात उतरली आणि धुण्याच्या दगडापलीकडे जाऊन उभी राहिली. "हितं नाय येत ऐकू. पयल्यापासून बोल."

मी खिडकीशी गेले आणि पहिल्यापासून सुरू केलं. बाजूच्या घरातली सून बादली घेऊन बाहेर आली, माझा आवाज ऐकून घाबरली. "काय झाला ओ काकी? भांडान झाला काय?"

काकीनं तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. कानामागे हात धरून ती माझ्याकडेच बघत होती.

"गप गो," ती म्हणाली. "तिला इचारू दे."